सोड म्हणजे सोडा नव्हे

आमच्या तंजावुरात माणूस गेल्याची बातमी भिंती सांगतात. घरातलं रडणं गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत पोस्टरं लागलेली असतात. वर मोठ्या अक्षरांत ‘कण्णीर अंजली’, म्हणजे अश्रूंची श्रद्धांजली, मध्ये गेलेल्याचा फोटो, खाली नाव, आणि त्याच्याही खाली पोस्टर लावणाऱ्यांची नावं. ही शेवटची नावं पुष्कळदा गेलेल्याच्या नावापेक्षा ठळक असतात. मानाजी राव गेल्याचं मला असंच कळलं. सकाळी टेलिफोन कचेरीत जायला म्हणून टाऊन बसची वाट बघत उभी होते. समोरच्या भिंतीवर खळ अजून ओली होती, आणि तिथे मानाजी एका थंड पेयाची बाटली छातीशी धरून उभा होता. खाली तमिळमध्ये छापलं होतं, ‘सोडा राव’. मानाजी हे नाव अख्ख्या पोस्टरवर नव्हतं. क्लबचं होतं, क्लबच्या सेक्रेटरीचं होतं, पोस्टर छापणाऱ्या प्रेसचंसुद्धा होतं... मला आधी रडू आलं नाही. आधी राग आला. बस आली, कंडक्टरनं शिट्टी मारली, बस गेली, आणि मी त्या बाटलीकडे बघत तिथेच उभी राहिले.

सकाळच्या पाळीला तो बस डेपोत गेला होता. छातीत कळ आली म्हणून बाकावर बसला, तो उठलाच नाही. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती. तंजावूरच्या बाहेर त्याचं नाव कुणाला ठाऊक असायचं कारण नाही. आमच्या मेलवीधी क्लबचा तो स्टॉपर, म्हणजे गोलकीपरच्या पुढ्यातला शेवटचा माणूस, आणि कित्येक वर्षं कॅप्टन. मग मराठी पुरवणीत त्याच्यावर लेख कशाला, असं संपादकांनी विचारलं तर माझं उत्तर तयार आहे. इथल्या तमिळ पेपरात त्याच्यावर चार ओळी आल्या आणि त्या चारही ओळी खोट्या होत्या. खोट्या का, हे तमिळ वाचकाला समजावायला पानभर लागतं. तुम्हांला एक शब्द पुरे. म्हणून हे तुमच्या मराठीत लिहिते आहे. माझी मराठी वेगळी, पिढ्यान् पिढ्या कावेरीच्या पाण्यावर वाढलेली, निम्म्याला निम्मं तमिळ मिसळलेली. आमच्यातल्या बहुतेकांना ही लिपी वाचताही येत नाही. मला ती वडिलांनी छडी हातात घेऊन शिकवली, आणि ती कधी उपयोगी पडेल असं त्यांनाही वाटलं नसेल.

आमचं घर मैदानाला लागून. घर भाड्याचं, पण माडी, म्हणजे तुमची गच्ची, अशी की दोन्ही गोल दिसावेत. राजवाड्याच्या आसपासच्या आमच्या मराठी घरांतून बायकांनी मैदानात जाऊन खेळ बघणं तेव्हा शोभत नसे. माडीवर मिरच्या वाळवायला मात्र कुणाची हरकत नव्हती. त्यामुळे सामन्याच्या दिवशी आमच्या माडीवर जेवढ्या मिरच्या वाळल्या तेवढ्या साऱ्या जिल्ह्यात वाळल्या नसतील. मी, माझी जाऊ, शेजारपाजारच्या बायका... आणि यमुना, मानाजीची बायको. लग्न होऊन आली तेव्हाच सासूनं तिला बजावलं होतं, नवरा चेंडूमागे धावतो ते बघायला बायकोनं जायचं नाही. म्हणून ती येताना हातात स्टीलची रिकामी वाटी घेऊन यायची. ‘कमलाक्का, थोडं विरजण आहे कां?’ भर दुपारी विरजण! सासूला इतकं कळत नसेल असं नाही, पण वाटी दिसली की तिचंही समाधान होत असावं. यमुना ती वाटी कठड्यावर ठेवायची आणि सामना संपेपर्यंत तिच्याकडे ढुंकून बघायची नाही. खाली रस्त्यात भेटला की आम्ही त्याला ‘अहो मानाजीराव’ म्हणायचो. माडीवर मात्र सरळ एकेरी. ‘अरे पळ की मेल्या!’ म्हणून माझी जाऊ ओरडली की यमुना पदरात तोंड लपवून हसायची. या लेखात मी त्याला एकेरीत संबोधते आहे तो माडीवरचा हक्क म्हणून.

आता तो शब्द. शेवटच्या माणसाला मैदानावर सारखं ओरडावं लागतं. चेंडू वरून येत असतो, दोघेतिघे त्याच्यावर झेप घ्यायच्या बेतात असतात, आणि मागच्याला सगळं दिसत असतं. तो ओरडतो, तुम्ही राहू द्या, हा माझा. इथले बाकीचे संघ त्यासाठी ‘विडु’ म्हणायचे. तमिळमध्ये तेच. पण विडु म्हटलं की समोरच्या संघालाही कळतं. मानाजी मात्र घरात जे बोलत वाढला तेच मैदानावर बोलला. ‘सोड!’ पोटातून काढलेला, आखूड, ‘ड’वर तोडलेला. संघात आमची मराठी पोरं दोनतीनच, बाकी सगळी तमिळ. पण त्या एका शब्दावर सगळे वाकायचे, बाजूला व्हायचे, आणि समोरच्यांना पत्ता लागायचा नाही. गोलकीपर आरोक्यम समुद्राकाठच्या गावातला ख्रिश्चन, त्याला मराठीचा गंध नव्हता. पण ‘सोड’ कानावर पडलं की त्याचे वर गेलेले दोन्ही हात आपोआप खाली यायचे. वरून आम्हांला ते सगळं दिसायचं. मैदानात बसणाऱ्यांना नुसता चेंडू दिसतो. माडीवरून माणसं कशी हलतात तेही दिसतं.

मैदानाच्या कडेला बसणाऱ्यांना मराठी कुठून कळणार? त्यांनी ऐकलं ‘सोडा’. कडेला गोळी सोड्याची हातगाडी घेऊन एक म्हातारे भाई उभे असत. मानाजी ओरडला की ते अंगठ्यानं एका बाटलीची गोळी दाबत, फट् आवाज व्हायचा, लोक टाळ्या पिटत आणि ‘सोडा! सोडा!’ असा गजर सुरू व्हायचा. इकडे कुठलाही मराठी माणूस म्हणजे राव. तसा तो सोडा राव झाला. मला पहिल्यांदा याचा वैताग यायचा. एकदा बाजारात भेटला तेव्हा मी त्याला म्हटलंसुद्धा, अहो, लोकांना सांगा की एकदा. तर हसायला लागला. ‘कसाला सांगायचं, अक्का? मी सोड मणतों, ते सोडा मणतात. माझ्यापेक्षां मानानं बोलतात कीं!’ आणि मग हातातली भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत म्हणाला, ‘घरांत पोरांना मराठी बोला मणलं तर तमिळांत उत्तर देतात. इथं आख्खा ऊर मराठी बोलतो. त्यांना ठाऊक नाहीं, तेवढंच.’ ऊर म्हणजे गाव. त्यानंतर मीही माडीवरून ‘सोडा!’ म्हणून ओरडायला लागले.

मग ते दिवस आले. पेपरांतून त्याला मोठमोठी नावं होती, आमच्या गल्लीत लोक नुसतं ‘सगळं ओपन झालं’ म्हणायचे. घरोघर केबल आली. कोपऱ्याकोपऱ्यावर पिवळ्या पाट्यांचे एसटीडी बूथ आले. वर्षानुवर्षं फोनची वाट बघणाऱ्यांच्या घरात फोन वाजायला लागले, आणि आमच्या कचेरीत लोक मिठाई घेऊन येत होते. या गोष्टींना मी नावं ठेवणार नाही. पण एक दिवस थंड पेयाची एक कंपनी मैदानात आली. तिचं नाव इथे घेत नाही, तेवढीच तिची जाहिरात कमी. सेक्रेटरीनं सही केली आणि क्लबच्या नावाआधी कंपनीचं नाव लागलं. भाईंची गाडी फाटकाबाहेर काढली, कारण आत दुसरं काही विकायचं नाही असं ठरलं होतं. ते काही दिवस फाटकाबाहेर उभे राहिले, मग दिसेनासे झाले. आणि मैदानाच्या कडेला लोखंडी खांबांवर एक भलामोठा फलक उभा राहिला, नेमका आमच्या माडीसमोर. त्यावर एक मुलगी बाटली तोंडाला लावून हसत होती म्हणे. म्हणे, कारण ती मैदानाकडे तोंड करून होती. आमच्याकडे पत्रा होता.

मी सेक्रेटरीकडे गेले. म्हटलं, फलक दहा पावलं सरकवा, एवढंच मागते. तो म्हणाला, मैदानात येऊन बसा की मॅडम, खुर्च्या मांडल्यायत. खुर्च्या होत्या, कंपनीच्या पाहुण्यांना. आम्ही तरीही माडीवर चढत राहिलो. मिरच्या वाळत राहिल्या, यमुना वाटी घेऊन येत राहिली. बघणं बंद झालं म्हणून आम्ही ऐकायला लागलो. लाथेच्या आवाजावरून चेंडू लांब गेला की जवळच राहिला ते कळायचं, गलक्यावरून कुठला गोल ते कळायचं, आणि मध्येच पत्र्याच्या पलीकडून ‘सोड!’ यायचं. मग आम्ही निश्चिंत व्हायचो. एकमेकींकडे बघून माना डोलवायचो आणि पुन्हा मिरच्या परतायचो.

तो पोस्टरवरचा फोटो त्याच सुमाराचा. कंपनीनं सगळ्या खेळाडूंना रांगेत उभं करून एकेक बाटली हातात दिली होती. मानाजीला फोटोवाला म्हणाला, सोडा राव, तुम्ही तर हसायलाच हवं. तो हसला नाही. लोकांचं मूल कुणी अचानक कडेवर दिल्यासारखी त्यानं ती बाटली धरली आहे आणि भलतीकडेच बघतो आहे. का धरलीस रे? मी त्याच्यावरसुद्धा रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण मग तो राग ठेवायचा कुठे?

फोटोपाठोपाठ मद्रासहून कोच आला. त्याच्या कानाला पहिल्याच दिवशी ‘सोड’ खटकलं. संघात सगळ्यांना समजेल अशी एक भाषा हवी, म्हणाला. बाहेरून आणलेल्या दोघा नव्या खेळाडूंना तो शब्द कळत नव्हता, हे खरं. पण इतक्या वर्षांत जो जो नवा आला तो चार दिवसांत शिकला होता, हेही खरं. कोचनं ठरवलं, यापुढे ‘लीव्ह’ म्हणायचं. आता आमच्या गावात लीव्ह म्हणजे रजा. तमिळमध्ये त्याचं ‘लीवु’ झालेलं आहे. शाळेला लीवु, कचेरीला लीवु, आजारपणाची लीवु. मैदानात कुणी लीव्ह म्हणून ओरडलं तर आमच्या माणसाला रजेचा अर्ज आठवणार. सरावात पोरं हसायची आणि कोच चिडायचा, असं आरोक्यमनं मला पुढे सांगितलं. मानाजी हसला नाही. त्यानं मान डोलावली आणि लीव्ह म्हणायला लागला.

कंपनीच्या कपचा उपांत्य सामना होता. आम्ही नेहमीप्रमाणे पत्र्याकडे तोंड करून बसलो होतो. सगळा वेळ काही विशेष ऐकू येत नव्हतं. मग शिट्टी झाली, गलका वाढला, आमच्या गोलसमोर कॉर्नर असावा असं जाऊ म्हणाली, आणि मानाजीचा आवाज आला. ‘लीव्ह!’ यमुना माझ्याकडे वळून म्हणाली, ‘आवाज ह्यांचा, अक्का, पण बोल...’ तिचं वाक्य पुरं झालं नाही. धप्प असा आवाज झाला आणि सगळे लोक गप्प झाले. फुटबॉलच्या मैदानातले लोक एकदम गप्प होतात तेव्हा काय वाटतं ते माडीवरच्या बायकांना विचारा. आम्ही कठड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावलो, टाचा उंचावल्या, माझी जाऊ पाण्याच्या टाकीवरसुद्धा चढली. पत्र्याशिवाय काही दिसलं नाही. यमुना अनवाणी जिना उतरली आणि लग्नानंतर पहिल्यांदा मैदानात गेली. तिची वाटी कठड्यावरच राहिली.

आरोक्यमनं नंतर मला जे सांगितलं ते तमिळमध्ये सांगितलं, त्याचं मराठी असं: ‘अक्का, माझ्या कानानं ऐकलं. अंगानं ऐकलं नाही.’ त्याचं अंग ‘सोड’ची वाट बघत होतं. ते आलं नाही म्हणून तो चेंडूवर झेपावला, आणि चेंडू आपला समजून मानाजीही तिथेच उडी घेत होता. आरोक्यमचा सगळा भार त्याच्या गुडघ्यावर आला. गुडघा पुन्हा कधी नीट वाकला नाही. क्लबच्या बैठकीत कोच म्हणाला, वय झालं की सूचना पाळता येत नाहीत. ऐका हे! सूचना पाळली म्हणून गुडघा गेला, हे बोलायला त्या बैठकीत एक जीभ वळली नाही. गावातले विनोदवीर म्हणायला लागले, सोडा रावला कायमची लीवु मिळाली. फोनवर हा विनोद कुणालातरी ऐकवणाऱ्या एका महाभागाचा ट्रंक कॉल मी मध्येच तोडला होता. लाइन गेली, असं त्याला सांगितलं. त्याचं मला आजही काही वाटत नाही.

डेपोत त्याला बसून करायचं काम मिळालं. मैदानाकडे तो फिरकला नाही. कंपनी दोनेक हंगाम खेळवून कंटाळली आणि निघून गेली, कोच गेला, कप गेला, पत्रा राहिला. नवरात्रात आमच्याकडे कोलू मांडतात, पायऱ्यापायऱ्यांवर बाहुल्या. ते बघायला एका वर्षी यमुनाबरोबर मानाजीही आला. बायका खाली गाणी म्हणत होत्या, तो कठडा धरत धरत माडीवर गेला. मी कॉफी घेऊन वर गेले तर आमच्याच जागेवर बसला होता, पत्र्याकडे तोंड करून. पलीकडे सराव चालला होता. डोळे मिटून ऐकत होता, आणि मध्येच त्याचे ओठ हलायचे. आवाज नाही, नुसते ओठ. मला राहवलं नाही. म्हटलं, ‘मानाजीराव, तुम्हांला राग येत नाही?’ त्यानं कॉफी बशीत ओतली, फुंकली. ‘येतो कीं, अक्का. नाहीं कसा येणार? पण कॅप्टन मी होतों. कॅप्टनच ऐकत नाहीं तर पोरं कुणाचं ऐकतील, मणून ऐकलों.’ आणि पुन्हा पत्र्याकडे कान लावून बसला. ते उत्तर मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही.

मेलेल्या म्हशीला मणभर दूध, अशी आपल्यात म्हण आहे. क्लबच्या शोकसभेत त्या दुधाचा पूर आला. ज्यांनी त्याला लंगडताना बघून रस्ता बदलला होता ते डोळे पुसत होते. मग सेक्रेटरी उठला. उचलली जीभ लावली टाळ्याला. म्हणाला, याच मैदानावर सोड्याच्या बाटल्या विकणारा एक गरीब मुलगा पुढे आमचा कॅप्टन झाला, म्हणून लोक त्याला प्रेमानं सोडा राव म्हणत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मानाजीचे वडील हायस्कुलात गणिताचे मास्तर होते! मानाजीनं उभ्या जन्मात बाटली विकली नाही. पण गोष्ट छान होती, आणि छान गोष्टीला खरं असावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात तीच छापून आली. त्याच सभेत जाहीर झालं की महिन्याभरात ‘सोडा राव स्मृती सामना’ भरवायचा आणि कप द्यायचा आहे त्याच कंपनीच्या इथल्या नव्या एजंटानं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

लोक प्रेमानं चुकीचं ऐकतात ते वेगळं. त्या चुकीवर मानाजी स्वतः हसला होता, जगला होता. पण त्या चुकीच्या पोटात एक खरा शब्द होता, आणि सेक्रेटरीच्या गोष्टीनं तो काढून फेकून दिला. आता उरली नुसती बाटली. मी सेक्रेटरीच्या घरी गेले. तो झोपाळ्यावर बसला होता. मी सगळं सांगितलं. कपावर मानाजी राव असं नाव घाला, आणि ती गोष्ट पुन्हा सांगू नका, म्हटलं. तो म्हणाला, ‘विडुंगो, मॅडम.’ सोडा हो, मॅडम. लोकांना आवडलंय, त्या बिचाऱ्याचं नाव होतंय. मी म्हटलं, सोड म्हणायचा हक्क मागे उभं असणाऱ्याला असतो. तो गुडघा गेला तेव्हा तुम्ही कुठे उभे होता? त्यानं झोपाळा थांबवला नाही.

यमुनाकडे गेले तर तीही तेच म्हणाली, आपल्या बोलीत. ‘सोड अक्का. माणूसच गेला. अत्तां नांव घेऊन मी काय करूं?’ खाली मान घालून तांदूळ निवडत होती. मला तिचाही राग आला. तोच शब्द इतका मऊ, इतका थकलेला ऐकवेना. ती तशीच आहे, आधी सासूपुढे, मग नशिबापुढे, असं मनाशी म्हणत घरी आले. सामन्याच्या दिवशी आपणच उठून बोलायचं हे मी ठरवून टाकलं.

त्या दिवशी आम्ही माडीवरच्या सगळ्याजणी मैदानात गेलो आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर जाऊन बसलो. कुणाची बिशाद होती उठवायची! कपावर कोरलं होतं ‘सोडा राव’. सेक्रेटरीनं माईक घेतला आणि बाटल्या विकणाऱ्या गरीब मुलाची गोष्ट पुन्हा सुरू केली, यावेळी त्यात आणखी रंग भरून. मग यमुनाला पुढे बोलावलं. ती संघांच्या रांगेसमोर जाऊन उभी राहिली. एजंटानं कप हातात दिला, तो ठीक. पण लगेच कप काढून घेऊन तिच्या हातात बाटली दिली आणि फोटोवाला म्हणाला, अम्मा, जरा वर धरा. मानाजीच्या हातात दिली होती तशीच. माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठले, खुर्ची मागे पडली. माझ्या तोंडात तेव्हा जे जे तयार होतं ते कुठल्याही पुरवणीत छापता येणार नाही.

‘सोड!’

यमुना ओरडली होती. पोटातून काढलेलं, आखूड, ‘ड’वर तोडलेलं. मी जागच्या जागी थांबले. नुसती मीच नव्हे. जुन्या खेळाडूंच्या रांगेत आरोक्यम उभा होता, छातीशी हात घेऊन. त्याचे दोन्ही हात खाली आले. त्या दिवशी सकाळपर्यंत मला वाटत होतं की हा शब्द बोलून यमुना मला गप्प बसवते आहे. तो तसा शब्दच नव्हता. मी पडलेली खुर्ची उचलली आणि बसले. ती वाकली, बाटली गवतावर ठेवली, आणि सेक्रेटरीच्या हातातला माईक घेतला. मागितला नाही, घेतला. तमिळमध्ये बोलली. ‘माझ्या मालकांनी कधी सोडा विकला नाही. त्यांचं नाव मानाजी राव. सोड हा आमच्या घरातला शब्द आहे. तुमच्यात त्याला विडु म्हणतात. विडु, नान इरुक्केन. तू सोड, मी आहे. तुम्ही सगळे इतकी वर्षं तेच ओरडत होता.’ एवढंच. माईक परत दिला आणि आमच्याजवळ येऊन बसली. मैदान गप्प होतं. मी तसं दुसऱ्यांदा ऐकत होते, पण यावेळी मला दिसतही होतं. मग पलीकडच्या कडेनं कुणीतरी ओरडलं, ‘सोड!’ ‘सोडा’ नाही. शेवटचा कानाच नव्हता.

मानाजीचं सगळं मार्गी लागलं असं मात्र समजू नका. कपावरचं नाव तसंच आहे. पेपरात दुसऱ्या दिवशी फोटो आला, खाली ‘सोडा राव यांच्या पत्नी’. भिंतीवरची पोस्टरं गाईंनी खळीसाठी चाटून खाल्ली, बाटल्यांसकट, तेवढं एक बरं झालं. संध्याकाळी मी यमुनाची ती वाटी घासूनपुसून, विरजण घालून तिच्या घरी नेली. इतकी वर्षं माझ्याकडे राहिली होती, ना तिनं मागितली ना मी दिली. तिनं विरजण दुसऱ्या भांड्यात काढून घेतलं, वाटी विसळली आणि माझ्या हातात परत ठेवली. ‘तुझ्याकडंच राहूं दे अक्का. मॅचला येतांना उगाच उचलून आणायला नको.’

वाटी पुन्हा माडीच्या कठड्यावर आहे आणि समोर पत्रा अजून उभा आहे. मी सेक्रेटरीला रोज फोन करते, पत्रा कधी काढताय म्हणून. गावातले बाकीचे फोन पावसात बंद पडतात. त्याचा एक दिवस बंद पडलेला नाही, त्यावर माझं जातीनं लक्ष असतं. तो रोज तेच म्हणतो, विडुंगो मॅडम. त्याला अजून वाटतं, मी सोडीन.